गाडीतला देवचार

आमच्या यांना गाडी कशाला हवी होती, हे मला आजवर कळलेलं नाही. साठ साल उलटून गेलं होतं. घाटावरच्या कुठल्याशा धरणाचं काम संपलं, तिथली यंत्रं लिलावात निघाली आणि हे तिकडून एक जुनी अमेरिकन पिकअप घेऊन आले. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेलचं बसवलं होतं. धामापूरजवळच्या आमच्या गावात ती शिरली तेव्हा शेजाऱ्यांच्या गाईने दावं तोडलं. हे मात्र गाडीमागे वाकून, दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्याकडे बोट दाखवत होते. "ह्यां डिफ्रन्शल बघ गो. आख्ख्या तालुक्यात असां दुसरां नाय!"

पुढे महिनाभर मी जेवताना डिफ्रन्शल ऐकलं. साध्या गाडीचं एक चाक रेतीत किंवा चिखलात रुतलं, की ते जागच्या जागी गरगरतं आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं बघत राहतं. या गाडीत मात्र मधे चकत्या होत्या. त्या एकमेकींना दाबून धरत, त्यामुळे एक चाक फार वेळ एकटं फिरू शकत नसे. दुसऱ्यालाही कामाला लागावं लागे. "म्हणजे तुजां आणि आयेचां कसां..." असं म्हणून यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि घाईघाईने कढी मागितली.

गोम एवढीच, की वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. तेव्हा त्या चकत्या घासत आणि गाडी पोट दुखणाऱ्या म्हशीसारखी कण्हत असे. आमच्याकडच्या रस्त्यावर वळण नाही अशी जागा कुणी शोधून दाखवावी! दोन दिवसांत गावाने ठरवलं, की गाडीत देवचार बसलाय. देवचार म्हणजे आमच्या वाटांचा राखणदार. मान दिला तर सांभाळतो, विसरलात तर वाट चुकवतो. मला पाचवा महिना लागला होता. सासूबाईंनी फर्मान काढलं, "ती गाडी रडता. माझी सून तेच्यात बसाची नाय."

एरवी मी आनंदाने घरी बसले असते. पण मसुऱ्याला माझं माहेर आणि वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी अकरा. त्याला न्हाऊमाखू घालून मीच वाढवला. नवरीला घेऊन भाऊ घरी आला, की बहिणीने दार अडवायचं आणि 'तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का' असं विचारून कबूल करून घ्यायचं. त्याचं दार अडवणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बैलगाडीचे हिसके मला वर्ज्य होते आणि गाडीत देवचार! मी दोन दिवस भांडी आपटली.

शेवटी यांनी सावंतवाडीहून मिस्त्री आणला. तो गाडीखालूनच म्हणाला, "चकते बरे आसत. तेल चुकलां. ह्येका साधां तेल चलाचां नाय. भायल्या देशात देवमाशाचां तेल मिसळतत म्हणे."

आता देवमासा कुठून आणायचा, म्हणून हे डोकं धरून बसले. मी उठून आत गेले. दवाखान्यातून मला रोज दोन चमचे घ्यायला मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल दिलेलं होतं. मोरीचं मटण मी ताटभर खाईन, पण त्या माशाचं तेल नाकाशी आलं की आतडी वर येत. चार बाटल्या मी तांदळाच्या पिंपात दडवल्या होत्या. त्या आणून समोर ठेवल्या. हे बाटल्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "आयेक सांगू नकात," मी म्हटलं.

मिस्त्रीने थोडं जुनं तेल काढून हे ओतलं. गाडी खळ्यात तीनदा गोल फिरली. हूं नाही की चूं नाही! मात्र तेल तापलं तसा वास सुटला आणि संध्याकाळपर्यंत गावातली यच्चयावत मांजरं गाडीखाली येऊन बसली. सासूबाई ओटीवरून उतरल्या. नाकाला पदर लावून त्यांनी मांजरं पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"देवचाराक मासळी दिलंस न्हय रे? बरां केलंस. आता तो रडाचो नाय."

यांनी खरं सांगायला तोंड उघडलं, मी पायावर पाय दिला, ते मिटलं. "पण मी पण येतलंय," सासूबाई म्हणाल्या. "वाटेत तेका कोण बगतलो?"

लग्नाच्या दिवशी उजाडताच निघालो. सासूबाईंच्या मांडीवर नारळांची पिशवी. प्रत्येक वळणावर गाडी थांबवायची, देवचार गप्प राहिला म्हणून नारळ ठेवायचा, हात जोडून चार शब्द बोलायचे आणि पुन्हा चढायचं. लग्न नवरीच्या गावी होतं. निम्म्या वाटेवरच मुहूर्त टळला. आता निदान मसुऱ्याचं दार तरी गाठायचं होतं. पुढच्या वळणावर सासूबाईंनी पिशवीत हात घातला, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले, "आये, नारळ पुरे!" त्या इतक्या दचकल्या की नारळ पिशवीतच राहिला.

मसुऱ्याच्या अलीकडे नदीचं पात्र ओलांडावं लागे. पाणी थोडं, रेती फार. मधोमध फुलांच्या माळा लावलेली एक मोटार रुतली होती. एक चाक गरगरत होतं, दुसरं दगडावर स्वस्थ उभं होतं आणि माझा भाऊ मुंडावळ्या वर सारून मागून ढकलत होता.

आमच्या यांचा जन्मच त्या घडीसाठी झाला होता. नवरीला पुढे आमच्यात कोंबली, नवरदेव मागच्या हौद्यात. रेतीतून चढताना आमचंही एक चाक घसरलं, पण दुसऱ्याने लगेच जोर धरला आणि गाडी काठावर आली. "बगलास?" हे ओरडले. बघायला कुणाला फुरसत नव्हती. नवरीने शालूचा पदर नाकाला लावला होता. वाटेतल्या माणसांना वाटलं, माहेरच्या आठवणीने रडतेय.

दाराशी गाडी थांबताच मी उतरून धावले आणि उंबऱ्यावर आडवे हात धरले. दार अडवणारी आणि ज्यांचं अडवायचं ती, एकाच गाडीतून उतरलेली! माणसं हसत होती. मी धापा टाकत सुरुवात केली, "तुजां चेडू माझ्या झिलाक..."

भाऊ मधेच म्हणाला, "आदी सांग, सकाळपासून काय खाल्लंस?"

पंधरा वर्षं हा प्रश्न मी त्याला विचारत आले होते. मी हात तसेच धरून सर्वांदेखत रडायला लागले.

तेव्हा त्याच्या मागून, खाली मान घातलेली नवरी म्हणाली, "चेडू देतलंव. पण व्हराड ह्या गाडयेतसून आणू नका."

आई गेल्यापासून त्या घराला ताडकन बोलणारं कुणी नव्हतं. मी डोळे पुसले, बाजूला झाले आणि तिला हाताला धरून आत घेतलं.