वच्छलाबाई टेम्पोत बसल्या नाहीत

नालवाडीच्या विहारातून नागपूरच्या दीक्षाभूमीला पायी जाणारी मंडळी दसऱ्याच्या काही दिवस आधी निघायची. पुढे पंचशील ध्वज, मागे पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि सगळ्यांच्या मागे सामानाचा टेम्पो. दोन हजार दोन साली वच्छलाबाई थूल पहिल्यांदाच या पदयात्रेत निघाल्या आणि सेलू यायच्या आतच टेम्पोत जाऊन बसल्या. एका बाजूला तांदळाचं पोतं, दुसऱ्या बाजूला मोठी पातेली आणि मध्ये पाय वर करून वच्छलाबाई.

अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणारी, दिवसभर उभी राहणारी, लांबून पाणी आणणारी ही बाई. चालायची भीती त्यांना ठाऊकच नव्हती. पण मोठ्या दिवसाला जायचं म्हणून त्यांनी पांढऱ्या साडीवर शोभेल अशी कोरी करकरीत चप्पल घेतली आणि तीच घालून थेट रस्त्याला लागल्या. पवनारचा पूल ओलांडला तेव्हा टाच चुरचुरायला लागली. होईल सवय, असं म्हणून त्या चालतच राहिल्या. पुढे फोड आला, फुटला, त्यावरची कातडी गोळा झाली आणि पाऊल टेकलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. मागून चालणाऱ्या आणखी दोघीतिघींचीही तीच गत झाली.

पदयात्रा समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव स्वतः मागे आले. "बसा बाई टेम्पोत. हे बायांचं काम नाई," म्हणाले. पुढचे दोघं हसले. "पातेल्याइले सोबत झाली," त्यांतला एक बोलला. वच्छलाबाईंनी ते ऐकलं. त्या क्षणी टाचेपेक्षा तेच जास्त झोंबलं.

परत आल्यावर आरोग्य केंद्रातल्या ज्योत्स्ना सिस्टरनं पाय धुऊन पट्टी बांधली. सिस्टर तोंडाची फटकळ होती. "नवी चप्पल घालून कोणी नागपूरले पायी जाते का? अन् चुरचुरलं तवाच काऊन नाई थांबल्या?"

"लोक काय म्हणतील, बाया थांबून राह्यल्या..."

"अन् आता काय म्हणून राह्यले?"

वच्छलाबाईंनी पट्टीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "सिस्टर, मले पुढच्या वर्षी जायचं हाय. पूर्ण. मले सांगा काय करायचं ते."

सिस्टरनं सांगितलं. पाय घासला, त्यात घाम साचला की फोड येतो. म्हणून बूट पाहिजे, त्यात सुती मोजे पाहिजेत, मोजे ओले झाले की बदलायचे. कुठं गरम वाटलं की तिथंच थांबून पट्टी लावायची, फोड यायची वाट बघायची नाही. आणि आलाच तर वरची कातडी ओढून काढायची नाही. वच्छलाबाईंनी सगळं मनात ठेवलं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता विहारात समितीची बैठक झाली. प्रभाकररावांनी ठराव मांडला: महिलांनी टेम्पोतून यावं, पायी फक्त पुरुष मंडळी. "मागच्या वर्षी पाहिलं ना सगळ्याइनं. बायांचे पाय टिकत नाईत."

वच्छलाबाई मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या. "पाय टिकले होते, दादा. चपला टिकल्या नाई. तुमच्या पायात बूट होते, आमच्या पायात काय होतं ते कोणी पाहिलं का?"

"ठराव मंजूर झाला, बाई."

"तुमचा झाला असंल," वच्छलाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्याच आठवड्यात अंगणवाडी सुटल्यावर, संध्याकाळी, त्या मुलीला घेऊन वर्ध्याच्या बाजारात गेल्या. जागृती कॉलेजात शिकत होती. आईचं काय चाललंय ते तिला घरातून निघेपर्यंत माहीत नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय फुगलेले असतात, तेव्हाचंच माप खरं, म्हणून वच्छलाबाईंनी मुद्दाम संध्याकाळ निवडली होती. मोजे पिशवीत घेतले होते.

ओमप्रकाश दुकानदारानं आधी लेडीज सँडल काढल्या. वच्छलाबाईंनी त्या बाजूला सारल्या. "बूट दाखवा. कापडाचे. नाडीचे."

"बाईजी, ते जेन्ट्स आहेत. लेडीज में ये माल नाई येत."

"माह्या पायाले मालूम नाई ते जेन्ट्सचे हायत म्हणून. काढा."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती वळून बघायला लागली. जागृतीची मान खाली गेली. वच्छलाबाईंनी बाकावर बसून, साडी घोट्यापर्यंत वर घेऊन, मोजे चढवले. पहिला जोड पुढे आवळत होता. दुसऱ्यात टाच वर-खाली होत होती. तिसरा उजव्या पायाला नीट बसेना, कारण त्यांचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा जरा मोठं होतं, हे त्यांना स्वतःलाही त्याच दिवशी कळलं. ओमप्रकाश कंटाळला. "बाईजी, घालून घालून सैल होते सगळं."

"मागच्या वर्षी चप्पलवाल्यानं हेच म्हटलं होतं."

एक निळा जोड घालून त्या उठल्या आणि दुकानात येरझारा घालायला लागल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळून परत. पुढे बोटांना जागा होती, टाच जागच्या जागी होती. मग त्या पायरी उतरून फुटपाथवर निघाल्या तसा ओमप्रकाश ओरडला, "बाहेर नका जाऊ! तळ खराब होईन!"

"नागपूरपर्यंत जायचं हाय मले. तुमच्या दारापर्यंत जमलं नाई तर घेऊन काय करू?"

तोच जोड घेतला.

खरी परीक्षा घरी होती. रूपराव, त्यांचे यजमान, वर्ध्याच्या एका कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते. दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून ते पदयात्रेला टेम्पोतूनच जायचे. भला माणूस, पण लोकांच्या नजरेला फार जपायचा. वच्छलाबाई दुसऱ्याच दिवसापासून बूट घालून अंगणवाडीत जायला लागल्या. साडीखालून निळे बूट, वर पांढरे मोजे. नाक्यावरच्या पानठेल्यावरून आवाज आला, "वच्छलाबाई पोलिसात भरती झाल्या का?" कोणी सलाम ठोकला.

"काऊन तमाशा करून राह्यली?" रूपरावांनी विचारलं. "त्या दिवशी घालजो ना. आत्ताच काऊन?"

"आत्ताच घालायचे असते. बुटाले पाय ओळखू द्या ना जरा."

"लोक हासून राह्यले."

"मी टेम्पोत बसली तवा बी हासलेच होते लोक. तवा मले चालता येत नव्हतं. आता येते."

त्या रोज थोडं थोडं अंतर वाढवत गेल्या. नालवाडीवरून पिपरी मेघेपर्यंत आणि परत. पहिल्या आठवड्यात उजव्या घोट्याला शिवण घासली. त्यांनी घरी त्या जागी मऊ फडकं शिवून टाकलं. पानठेल्यावरचे लोक हळूहळू थकले. एकच चेष्टा किती दिवस करणार?

निघायच्या सकाळी विहारासमोर टेम्पो उभा होता. बाया आत बसल्या होत्या. वच्छलाबाई ध्वजाला वंदन करून रस्त्यावर उभ्या राहिल्या. प्रभाकररावांनी बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"ठराव माहीत हाय ना तुमाले?"

"हाय. रस्ता समितीचा नाई, दादा. मी तुमच्या मागून नाई चालत. मी माही चालते."

आणि त्या निघाल्या. टेम्पोतून अन्नपूर्णा नावाची शेजारीण उतरली. तिच्या पायात जुनी, पण पट्ट्याची मजबूत सँडल होती. ती वच्छलाबाईंच्या बरोबरीनं चालायला लागली.

सेलू आलं, गेलं. गेल्या वर्षीची जागा कोणती हे वच्छलाबाईंना बरोबर ठाऊक होतं. त्या तिथून न थांबता गेल्या. दुपारी झाडाखाली बसून दोघींनी मोजे काढले, पाय कोरडे केले, दुसरे मोजे घातले. पुरुष मंडळी बघत होती. त्यांच्यातलेही काही जण बूट काढून तळवे चोळत होते.

केळझरच्या पुढे दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंच्या पायाच्या करंगळीला आग झाली. त्या तिथंच, डांबरी रस्त्याच्या कडेला, खाली बसल्या. फोड आलाच होता, लहानसा. समितीतला एक जण लगेच टेम्पो थांबवून आला. "बघा! सांगितलं होतं ना. चला, बसा."

"फोड आला, पाय नाई गेला," वच्छलाबाई म्हणाल्या. फोड न फोडता त्यांनी त्याच्या भोवती कापसाचं कडं केलं, वरून चिकटपट्टी लावली, मोजा चढवला, नाडी जरा सैल बांधली आणि उभ्या राहिल्या. पहिली काही पावलं टाकताना दुखलं. त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. अन्नपूर्णाला मात्र कळलं. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

नागपुरात शिरल्यावर गर्दी वाढत गेली. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पुस्तकांची दुकानं, जेवणाच्या रांगा, चारी बाजूंनी 'जय भीम'. स्तूपापाशी पादत्राणं काढायची होती. रूपराव टेम्पोतून आधीच येऊन थांबले होते. वच्छलाबाईंनी नाड्या सोडल्या, दोन्ही बूट एकत्र बांधले आणि नवऱ्यापुढे धरले.

"धरा जरा. चोरी जातील."

रूपरावांनी इकडेतिकडे पाहिलं. अख्खी नालवाडी आजूबाजूला उभी होती. त्यांनी बूट घेतले. धुळीनं निळा रंग ओळखू येत नव्हता. मागून कोणीतरी विचारलं, "रूपरावजी, कोणाचे बूट सांभाळून राह्यले?"

"माह्या बायकोचे," रूपराव म्हणाले. "वर्ध्यावरून पायी आली ते." आवाज जरा मोठाच निघाला. त्यांनाच नवल वाटलं.

वच्छलाबाई आत गेल्या तेव्हा संगमरवरी फरशी तळव्यांना गार लागली. त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि खूप वेळ रडल्या.

प्रभाकररावांनी ठराव कधीच मागे घेतला नाही. पुढच्या वर्षीच्या बैठकीत तो पुन्हा वाचून दाखवला गेला आणि त्या वर्षी नालवाडीतून सात-आठ बाया पायी निघाल्या. दोन हजार आठ-नऊपर्यंत टेम्पोत म्हातारी माणसं आणि सामान तेवढं उरलं. बाजारात ओमप्रकाशनं बायकांच्या मापाचे नाडीचे बूट मागवायला सुरुवात केली होती. वच्छलाबाई नव्या बायांना घेऊन गेल्या की तो न सांगता बाक रिकामा करून द्यायचा आणि बाहेर फुटपाथवर जायला आता अडवायचा नाही.

एका वर्षी प्रभाकररावांनीच निरोप पाठवला, वच्छलाबाईंना समितीत घ्यायचं आहे म्हणून. त्या गेल्या. चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "ठराव हाय का अजून?"

"कागदावर हाय. मानते कोण?"

"मंग आधी तो फाडा. मंग मी बसते."

"असं एकदम कसं, बाई..."

"तर राहू द्या," म्हणत वच्छलाबाई उठल्या. दाराशी अन्नपूर्णा आणि पिपरीच्या तिघी नव्या बाया त्यांची वाट बघत उभ्या होत्या. त्यांना संध्याकाळी बाजारात जायचं होतं.