नॉर्मॅलिटी किती आली?

कॉस्टिक सोड्याच्या बाटलीचं बूच कितीही पुसा, दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती पांढरा थर असतोच. लॅबमधले किस्सेही तसेच साठतात. पनवेलजवळच्या एका केमिकल कंपनीत आमचं काम एकच, द्रावणं करायची आणि ती किती तीव्र झाली ते, म्हणजे त्यांची नॉर्मॅलिटी, थेंब थेंब टायट्रेशन करून काढायचं. पगार बेताचा, पण हसून हसून पोट दुखायचं.

*

म्हात्रे कोन गावचा. इंटरव्ह्यूला आमचे इनचार्ज पेणकर सर यांनी त्याला विचारलं, “मिठाचं पाच टक्के द्रावण कसं करशील?”

“पाच ग्रॅम मीठ, वर शंभर मिली पानी.”

“मग ते शंभरच्या वर नाही का जाणार?”

“वरचं काढून टाकीन.”

“त्यातून मीठही जाईल.”

“मंग तेवढं मीठ परत टाकीन.”

सरांनी कपाळाला हात लावला आणि त्याला घेतला. म्हणाले, “बाकीचं शिकवता येईल. हा हार मानत नाही, ते कुठे शिकवणार?”

*

पेणकर सर कोकणातले ज्यू. त्यांचा भाऊ इस्रायलला स्थायिक झालेला. एकदा तो मृत समुद्राच्या पाण्याची बाटली घेऊन आला. सरांनी ती लॅबमध्ये आणली. आम्हाला वाटलं, दाखवायला आणलीय. सरांनी सगळं पाणी आटवून मीठ मोजलं! चौतीस टक्के भरलं.

घरी वहिनी म्हणाल्या, “अहो, ती बाटली शोकेसमध्ये ठेवायची होती.”

“मग रिपोर्ट ठेव,” सर म्हणाले.

*

आमच्या लॅबचा एक नियम होता. एकाने केलेला हिशोब दुसऱ्याने न बघता पुन्हा करायचा, आणि दोघांचं जुळल्याशिवाय द्रावणाला हात लावायचा नाही. म्हात्रेच्या हळदीला सरबताचं काम आमच्याकडे आलं. बाटलीवर लिहिलेलं, ‘एकास चार’. मी म्हटलं, एकूण पाच भाग. सर म्हणाले, एकूण चार. जुळेना! पाहुणे ग्लास घेऊन उभे.

शेवटी म्हात्रेची आत्या म्हणाली, “तुमचा हिशोब चालू द्या. आमी साधं पानी पितो, पोरांना तहान लागली हाय.”

*

आता नयनाचा किस्सा. नयना कोळी उरणची, एमएस्सी, कामाला एकदम चोख. पण दीड वर्ष झालं तरी कॉन्ट्रॅक्टवरच. विचारलं की मॅनेजर साहेब म्हणायचे, “ऑडिट होऊ दे, मग बघू.” घरात खात्रीचा पगार तिच्या एकटीचाच, त्यामुळे तीही गप्प बसायची. आम्हालाच तिच्यापेक्षा जास्त राग यायचा.

ऑडिटचा दिवस आला. ऑडिटर दहाला येणार होते, ते कळंबोलीत ट्रकांच्या रांगेत अडकले आणि पावणेबाराला उगवले. त्यांनी नयनाच्या कॉस्टिकची बाटली उचलली. लेबलवर होतं ०.०९८७ नॉर्मल.

“करायचं होतं ०.१. मग हे काय?”

“कॉस्टिक वजन करता करताच हवेतलं पाणी ओढतं, सर. म्हणून टायट्रेशन करून जे येतं, तेच आम्ही लिहितो.”

“सरळ ०.१ लिहायचं. बघणाऱ्याला बरं वाटतं.”

मागून मॅनेजर साहेब तिला मान हलवून ‘हो म्हण, हो म्हण’ असं खुणावत होते.

नयनाने शांतपणे विचारलं, “सर, आज गेटवर तुम्ही वेळ काय लिहिलीत?”

“पावणेबारा.”

“दहा का नाही लिहिलीत?”

“अहो, आलोच पावणेबाराला.”

“हेही तेवढंच आलं, सर.”

पेणकर सर छताकडे बघू लागले. ऑडिटरनी बाटली हळूच जागेवर ठेवली आणि मॅनेजर साहेबांकडे वळून म्हणाले, “ही मुलगी आमच्या ऑफिसला द्या. अशीच माणसं हवीत मला.”

“छे, छे!” साहेब घाईघाईने म्हणाले. “ती आमची पर्मनंट आहे.”

नयनाने पिपेट खाली ठेवलं.

“कधीपासून, सर?”