आग्रहाने वाढलेली मेमरी

शेजारच्या टेबलावर कुणाचं कौतुक सुरू झालं की मी कानाला हेडफोन लावतो. गाणं लावत नाही. नुसता ऐकत बसतो.

कौतुक नेहमी त्या टेबलावरच्या सहकाऱ्याचंच. तो आणि मी कंपनीत एकाच दिवशी लागलो. तो कुकटपल्लीचा, मी नारायणगुड्याचा; शहर एकच, वस्त्या वेगळ्या. काम असं, की एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक खोटे कॉम्प्युटर चालवायचे. खोट्याला वाटतं, आपल्याकडे भरपूर मेमरी आहे. प्रत्यक्षात हातात काही नसतं. हा खोटा कॉम्प्युटर मेमरीच्या एखाद्या कोपऱ्याला हात लावतो आणि अडतो, याला म्हणायचं पेज फॉल्ट. मग आमचा कोड धावत जाऊन तेवढा तुकडा आणून देतो.

हा धावणारा कोड कुकटपल्लीवाल्याने असा लिहिला की आमच्या बॉस मॅडम चक्क हसल्या. माझा कोड बघूनही त्या हसल्या होत्या, पण ते हसणं वेगळं.

जळून खाक झालो. याहून वेगवान लिहितो, असं सगळ्यांदेखत बोलून बसलो. मॅडमनी ठरवलं, शुक्रवारी दोन्ही चालवायचे. टिकेल तो प्रॉडक्टमध्ये जाईल.

युक्ती घरचीच होती. आमच्याकडे पाहुण्याने एक पुरणपोळी मागितली की दोन पडतात, नको म्हणाला की तिसरी. तसंच केलं. खोट्या मशीनने एक तुकडा मागितला की आजूबाजूचे सगळे वाढून टाकायचे. पुन्हा अडायलाच नको!

शुक्रवारी माझं पहिलं मशीन असं सुसाट सुटलं की मी खुर्चीत रेलून कुकटपल्लीवाल्याकडे बघितलं. मग मॅडमनी सगळी मशीनं सुरू करायला सांगितली. पहिल्या दोघातिघांनी मेमरी फस्त केली, बाकीची उपाशी, आणि खालचा खरा कॉम्प्युटर थिजला.

"क्या भाई," तो म्हणाला, "मांगे उत्ताच देना ना. बाकी लोगां भी बैठे हैं खाने कू."

"हमारे घर में ऐसाच रहता."

"मेरेकू तो कब्बी नई बुलाए."

मॅडम हसल्या. कुठलं हसणं, ते मला कळलं.

त्याच्या कोडवर सगळी मशीनं नीट चालली, म्हणून तोच प्रॉडक्टमध्ये न्यायचं ठरलं, आणि तो तपासून मंजूर करायचं काम मॅडमनी माझ्याच गळ्यात घातलं. चूक सापडावी म्हणून ओळ न् ओळ उकरली. एकही नाही! तेव्हा तर आणखीच राग आला. लगेच 'मंजूर' दाबलं असतं तर मनाचा मोठेपणा ठरला असता. म्हणून खाली जाऊन चहा प्यायलो, त्यावर आणखी एक घेतला, आणि तो माझ्या टेबलाभोवती घुटमळायला लागला तेव्हा कुठे दाबलं.