बुडाशी लाल ठिपका

चहा पुढ्यात आला की जाईबाई आधी कप बघते. कान धड आहे का बघते, काठ बघते, आणि समोरच्या माणसाचं लक्ष जरा इकडंतिकडं झालं की कप डोळ्यांपर्यंत उचलून खालून बुडसुद्धा बघून घेते. भोंगवलीतल्या लोकांना वाटतं, म्हातारीला माशीबिशीचा संशय असेल. वाटू दे बापडं. तिनं कधी खुलासा केला नाही, आणि करून तरी काय हाती लागणार होतं?

संशय तिच्या अंगात उगाच नाही शिरला. वेल्ह्याची ही लेक लग्न होऊन भोंगवलीच्या बुद्धवाड्यात आली, तेव्हा सोळा-सतराची असेल. सासूबरोबर वरच्या आळीत एका मोठ्या घरी ज्वारी पाखडायला जायची. काम उरकलं की चहा मिळायचा. कप मात्र वळचणीत खोचून ठेवलेला, कान तुटलेला, बुडाला चुन्याची रेघ ओढलेला. तो आपणच काढायचा, आपणच विसळायचा, वरून ओतलेला चहा हात न लागू देता झेलायचा, आणि पिऊन झाल्यावर पुन्हा तिथंच खोचायचा. पहिल्या दिवशी जाईनं चुकून तो घरातल्या कपांजवळ ठेवला, तर सासूनं तिचं मनगट असं आवळलं की दोन दिवस वळ होता. तेव्हापासून बुड बघायची सवय लागली ती लागलीच.

त्याच घरात पुढं फुलाबाई सून म्हणून आली. मग गावात अंगणवाडी निघाली. फुलाबाई बाई झाली आणि जाईबाई मदतनीस. सत्तावीस वर्षं दोघींनी मिळून पोरांची नाकं पुसली, खिचडी रांधली, वजनं घेतली. फुलाबाईची सासू गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं जाईबाईला सरळ स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं आणि एकाच पातेल्यातला चहा सारख्याच दोन कपांत ओतला. जाईबाईनं बुड बघितलं. कोरं होतं. त्या दिवसापासून चार वाजताचा चहा त्या घरी, अंगणाकडच्या ओट्यावर, आणि रिटायर झाल्यावरही त्यात खंड नाही. नवरा गेला, मुलगा बुद्धभूषण चाकणला कंपनीत लागला, तो दर महिन्याला म्हणतो चल माझ्याकडं. पण चार वाजता बसायला एक ओटा असला की माणूस गाव सोडत नाही.

चहावरून घर ओळखावं ते जाईबाईनंच. तिचा स्वतःचा चहा गुळाचा, गवती चहाची दोन पाती घातलेला; दूध असलंच तर भांडं खाली उतरवल्यावर, नाहीतर गुळानं फाटतं. माहेरी वेल्ह्याला पाऊस माणसाला घराबाहेर पडू देत नाही, म्हणून तिथं घशाला झोंबेल इतकं आलं. भोरला हसीना शिलाईवाली आहे, तिच्याकडं दूधच आधी आटतं, वेलदोडा ठेचून पडतो, पाणी नावाला. जाईबाई दोन कप पिते आणि वर म्हणते, ही खीर झाली, चहा कुठाय? फुलाबाईच्या घरची रीत निराळी. तिथं साखर पाण्याबरोबरच उकळायची, आणि घालायची ती सढळ हातानं. फिक्का चहा पाहुण्याला दिला तर त्याचा अर्थ एकच, आता उठा आणि पुन्हा येऊ नका. फुलाबाई हे स्वतःच शंभरदा बोललेली.

गेल्या वर्षी भोरच्या दवाखान्यात जाईबाईला साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. हे तिनं एकट्या हसीनाला सांगितलं, गावात चकार शब्द नाही. कशाला सांगायचं? आयुष्यभर लोकांनी हिला काय द्यावं नि काय देऊ नये हे ठरवलं, आता साखरेचं निमित्त कोण देतंय त्यांना! फुलाबाईकडचा गोड चहा ती पीत राहिली आणि घरी येऊन मुकाट्यानं गोळी घेत राहिली.

आणि मग दिवाळी झाल्यावर एक दिवस कपाच्या बुडाशी ठिपका दिसला.

लाल. नखाला लावतात तसल्या रंगाचा, टिकलीएवढा. चहा फुलाबाईच्या सुनेनं, शिवानीनं आणून दिला होता. शिवानी सासवडची, शिकलेली, गावात आशा ताई म्हणून काम करते, बोलायला गोड. फुलाबाई आत औषध घ्यायला गेली तेवढ्यात तिनं कप जास्वंदीच्या बुडात रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी तोच कप. म्हणजे चुकून नाही! जाईबाईनं या खेपेला एक घोट घेतला. साखरेचा पत्ता नव्हता. घ्या! कप वेगळा आणि वर चहा फिक्का, म्हणजे जायला सांगण्याचीसुद्धा पद्धत असते की नाही? फुलाबाईचा कप तिनं हळूच बघितला, त्याला ठिपका नव्हता. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायच्या निमित्तानं ती आत डोकावली. गॅसवर दोन भांडी, एक मोठं, एक छोटं. ठिपक्याचा कप खिडकीत एकटाच पालथा, बाकीचे सगळे रॅकवर. आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? वळचण पाडून स्लॅब टाकला, पण कपाची जागा काही गेली नाही, असं ती घरी येऊन भिंतीला म्हणाली.

फुलाबाईचंही वागणं तिला पटेना. पूर्वी ही बाई कप हातात देऊन भराभरा बोलायला लागायची. आता जाईबाई घोट घेते का, याकडंच डोळे लावून बसायची. चोराच्या मनात असतं तसं काहीतरी आहे खास. इतकी वर्षं हिनं नाटक केलं की काय, या विचारानं जाईबाईला रात्रीचं जेवण जाईना. शुक्रवारी तिनं बुद्धभूषणला मोबाईल लावला. म्हणाली, रविवारी गाडी घेऊन ये, मी येते कायमची. तो इतका खूश झाला की कारण विचारायचंच विसरला.

शनिवारी चार वाजता ती शेवटची म्हणून गेली. पिशवीत फडक्यात गुंडाळलेला घरचा कप होता. शिवानीनं चहा आणून ठेवला. जाईबाईनं तो उचलला नाही. आपला कप काढून ओट्यावर ठेवला.

"ह्यात वता. माजा कप म्या आणलाय. तुमच्या खिडकीत माज्यासाठी जागा अडवू नका."

फुलाबाईला काही कळेना. तेव्हा जाईबाईनं तिच्या देखत ठिपक्याच्या कपातला चहा जास्वंदीत ओतला आणि कप पालथा करून तिच्यापुढं धरला. फुलाबाईनं ठिपका बघितला आणि सुनेकडं बघितलं.

शिवानीचा चेहरा उतरला. तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. साखरेच्या पेशंटांची यादी तिच्याकडं असते, त्यात जाईबाईचं नाव आलं. तिनं ते सासूच्या कानावर घातलं. जाईबाईनं स्वतः सांगितलेलं नाही तर आपण बोलून दाखवायचं नाही, असं फुलाबाईनंच बजावलं. घरात साखर पाण्यातच उकळते, म्हणून जाईबाईचा चहा छोट्या भांड्यात वेगळा. आणि घाईत कप बदलून पोटात साखर जाऊ नये म्हणून खूण.

जाईबाईला ते खरं वाटलं. तरी राग गेला नाही. उलट डोळे भरून आले आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"कपाला खूण कराया तुला कुणी शिकवलं, पोरी?"

शिवानीला बिचारीला काय माहीत. उत्तर फुलाबाईकडं होतं. ती जिथं पूर्वी वळचण होती तिकडं बघत होती.

"त्या चुन्याच्या कपात म्या बी वतलाय, जाई. सासूच्या धाकानं. दोनदा."

"तीनदा," जाईबाई म्हणाली. "हात थरथरायचा तुमचा, त्यावरनं वळखायची म्या. म्हणून तर बसले तुमच्या पाटावर इतकी वर्सं."

फुलाबाई उठली. कप घेऊन नखानं ठिपका खरवडायला लागली, तो लवकर निघेना, तर सुरी घेतली. मोठ्या भांड्यातला गोड चहा मोरीत ओतून दिला. नवं आधण ठेवलं, एकच, बिनसाखरेचं, आणि साखरेचा डबा चमच्यासकट ओट्यावर मधोमध आणून आदळला. ज्याला पाहिजे त्यानं वरून घालून घ्यावी, मग तो पाहुणा असो नाहीतर घरचा धनी, असं तिनं सुनेला ठणकावलं. त्या घरात सगळ्यांच्याच चहात साखर न उकळण्याची ती पहिलीच वेळ.

चहा झाला. जाईबाईनं मुद्दाम तोच खरवडलेला कप मागून घेतला. फुलाबाईनंही साखर घातली नाही. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, पण प्यायली. जाईबाईनं तळाशी पावडर दिसेपर्यंत चहा संपवला, पिशवीतनं मोबाईल काढला आणि पोराला सांगितलं की ये, पण नुसता चहाला ये.

मग तिनं कप पालथा करून बुड बघितलं. तिथं सुरीचा ओरखडा होता. फुलाबाई ते बघत होती. तिनं आपलाही कप पालथा केला आणि जाईबाईपुढं धरला.

जाईबाईनं तोही नीट बघून घेतला.