रविवार सकाळची टेप

फ्रेडीअंकलचं बोट टेपरेकॉर्डरच्या बटणावर होतं, पण ते काही बटण दाबत नव्हते. ऐंशीला टेकलेले हे माझे शेजारी साठच्या दशकात पुण्याच्या कॅम्पात एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचे. रविवारी सकाळी एका क्लबात त्यांचा कार्यक्रम असे आणि पोरंपोरी घामाघूम होईपर्यंत नाचत. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. बँडची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. माळ्यावर सापडलेली ही एकच टेप उरली होती. ती वाजवायला यंत्र मीच जुन्या बाजारातून हौसेनं शोधून आणलं होतं.

"लावा ना, अंकल."

"जन्मभर सगळ्यांना सांगत आलोय, आम्ही भारी वाजवायचो. तसं नसलं तर?"

विस्मरणात गेलेल्या कलावंताला एक सवलत असते, त्याचं म्हणणं कुणी पडताळून पाहत नाही. तीच मी त्यांच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो.

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. खरखरीतून गाणं वर आलं. ड्रमवाला तालाच्या पुढे पळत होता. गिटार तर चक्क बेसूर होती. अंकलचा चेहरा आक्रसत गेला. गाणं संपलं आणि शिट्ट्या-टाळ्यांचा असा गलका उठला, की यंत्राचा स्पीकर थरथरला.

"बेसूर होतो रे," ते म्हणाले.

टेप काढायला मी हात पुढे केला, तसा त्यांनी तो घट्ट धरला.

"काढतोस काय? पुन्हा लाव."