सहा मिनिटांचं फ्रेंच

बाबांना फ्रेंच शिकवायला मी बसले तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि मी त्रेचाळीसची. सात महिने, रोज संध्याकाळी सात वाजता, मुलुंडच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. त्या सात महिन्यांत मी त्यांना जितकं छळलं तितकं आयुष्यात कुणाला छळलेलं नाही. आणि छळताना मला मजा येत होती, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गळा काढायला नको.

झालं होतं असं, की माझा धाकटा भाऊ दहा वर्षांपूर्वी फ्रान्सला गेला, तिथलाच झाला आणि आता तिथल्याच एका मुलीशी लग्न करत होता. तिकडे लग्नाच्या जेवणात मुलाच्या वडिलांनी उभं राहून चार शब्द बोलायचे असतात म्हणे. बाबांनी ठरवलं, आपण बोलायचं, आणि फ्रेंचमध्येच बोलायचं. इंग्रजीत बोला, सगळ्यांना कळतं, असं भाऊ फोनवर तीनदा म्हणाला. पण व्याह्यांशी त्यांच्या भाषेत बोललं की आपला मान राहतो, हे बाबांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी पार्ल्याच्या एका क्लासमध्ये दोन वर्षं फ्रेंच केलं होतं. केलं म्हणजे काय, तर माझं नाव हे, मला चहा आवडतो, स्टेशन कुठे आहे. एवढ्या भांडवलावर हा माणूस सहा मिनिटांचं भाषण करायला निघाला होता. तोडकंमोडकं नको, त्यांच्यातला एखादा बोलेल तसं यायला हवं, हा हट्ट वर. क्लासच्या बाई म्हणाल्या, पुढची पायरी चढायला वर्ष तरी लागेल, आणि लग्न तर सात महिन्यांवर आलं होतं.

घरात फुकटची मास्तरीण होतीच. मी अंधेरीला एका कंपनीत फ्रेंच गिऱ्हाइकांची पत्रं सांभाळते, भाषांतरं करते. वीस वर्षं तेच करतेय. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. डॉक्टरांनी बाबांना विमानप्रवास साफ नको म्हटला, तेव्हा ठरलं की ते भाषण घरूनच करतील, लॅपटॉपवरून. बाबा जाणार नाहीत म्हणजे मीही जाणार नाही, हे कुणी ठरवलं नाही. मला कुणी विचारलंही नाही.

माझी शिकवायची पद्धत माझी नव्हती, त्यांचीच होती. मी पाचवीत असताना बाबा ऑफिसातून आले की माझा इंग्रजीचा अभ्यास घ्यायचे. एक स्पेलिंग चुकलं की दहा वेळा लिहायचं. लिहिताना चुकलं की वीस वेळा. तरी चुकलं की फूटपट्टी. भावाच्या वेळेपर्यंत ते थकले असावेत किंवा शहाणे झाले असावेत, त्याला कधी पट्टी बसली नाही. तर मी पहिल्याच दिवशी टेबलावर दोनशे पानी वही ठेवली, लाल पेन ठेवलं आणि नियम सांगितला. चुकलेलं वाक्य दहा वेळा लिहायचं. बाबा हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

फ्रेंचमध्ये भूतकाळ दोन प्रकारचा असतो. एकदा घडून गेलं त्याचा एक, नेहमी घडायचं त्याचा दुसरा. मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही, आपण मारलं आणि मारायचे असे दोन्ही म्हणतोच की. पण बाबांचा गोंधळ व्हायचा. मी भाषांतराला वाक्यं द्यायची ती घरचीच द्यायची. आई गच्चीत पापड वाळत घालायची. भाऊ रोज उशिरा उठायचा. बाबा मला पट्टीनं मारायचे. हे शेवटचं वाक्य त्यांनी एकदाच घडलेल्या भूतकाळात लिहिलं. मी लाल रेघ ओढली आणि म्हटलं, एकदा नाही बाबा, नेहमी. त्यांनी खोडलं, दुरुस्त केलं आणि खाली दहा वेळा लिहून काढलं. अक्षर सुरेख होतं, ऑफिसातलं.

तिसऱ्या महिन्यात आम्ही 'असतं तर'वर आलो. जे झालं नाही, पण होऊ शकलं असतं, ते कसं बोलायचं. तेविसाव्या वर्षी मला फ्रान्समधल्या एका शाळेत वर्षभरासाठी साहाय्यक म्हणून बोलावणं आलं होतं. त्याच महिन्यात आईचं डायलिसिस सुरू झालं, भावाची बारावी होती. बाबा म्हणाले होते, आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही आणि आईला घेऊन आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात मीच जात राहिले. यावर आमच्या घरात कधी एक अक्षर निघालेलं नव्हतं. तर त्या संध्याकाळी मी वहीत मराठीत वाक्य लिहिलं: तुम्ही मला जाऊ दिलं असतं तर मी तिथेच राहिले असते. आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. मग खाली मान घालून फ्रेंचमध्ये लिहिलं. एक चूक होती. मी लाल गोल केला. त्यांनी दुरुस्त करून वही माझ्याकडे फिरवली.

"आता बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

नियमाप्रमाणे ते वाक्य त्यांनी दहा वेळा लिहिलं. मी समोर बसून बघत होते. सातव्या-आठव्या वेळेला त्यांनी पेन ठेवून बोटं चोळली, पण लिहायचं काही थांबले नाहीत. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

भाषणाचा पहिला खर्डा त्यांनी त्याच आठवड्यात आणला. त्यात आई होती. भावाचं लहानपण होतं, त्यानं पतंगापायी फोडलेलं कोपर होतं, त्याचे दहावीचे मार्क होते. सून होती, व्याही-विहीण होते. केक करणाऱ्या सुनेच्या मावशीचे आभार होते. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गाडी देणाऱ्या, बाबांनी जन्मात न बघितलेल्या भावाच्या मित्राचेही होते. मी कुठेच नव्हते. म्हटलं, पहिलाच खर्डा आहे, येईल पुढच्यात. पुढच्यात फुलवाल्याचे आभार वाढले.

पाच खर्डे झाले. प्रत्येक वेळी मी आधी पूर्ण कागदावरून डोळे फिरवायची, स्वतःला शोधायची आणि मग लाल पेन उचलायची. असल्या गोष्टी मागून घ्यायच्या नसतात हे कळत होतं. पण चौथ्या खर्ड्याच्या वेळी राहवलं नाही. आभार मानायची वाक्यं तपासता तपासता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की घरच्यांचं काही घालायचं नाही का? बाबांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

"घरच्यांचे कुठे आभार मानतात?" ते म्हणाले. "तू काय परकी आहेस?"

आणि वर हसले, जणू मला केवढं मोठं सर्टिफिकेट दिलंय. आमच्याकडे हे असंच चालतं. आपल्या माणसाला थँक्यू म्हणालात की त्याचा अपमान होतो. मीही आईला कधी म्हटलं नाही, आईनंही मला नाही. पण त्या मावशीनं एक केक करावा आणि तिचं नाव दीडशे माणसांसमोर यावं, आणि मी वीस वर्षं काय केलं ते घरचं म्हणून खड्ड्यात जावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर मी त्यांना सोडलं नाही. त्यांची कवळी नवी होती, फ्रेंचमधले काही उच्चार तिच्यात अडकायचे. एकच शब्द मी पन्नास वेळा म्हणायला लावायची. एकदा ते पाणी प्यायला उठले तर मी म्हटलं, तोंड नीट उघडत नसेल तर इंग्रजीत बोला, तुमच्या मुलाचंही तेच म्हणणं आहे. ते तसेच उभे राहिले, हातात भांडं धरून. मग येऊन बसले आणि तो शब्द पुन्हा म्हणाले. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी मला लिफ्टपाशी गाठून सांगितलं, अगं, म्हाताऱ्या माणसावर किती ओरडशील, आमच्या हॉलपर्यंत ऐकू येतं. मी म्हटलं, काकू, टीव्हीचा आवाज वाढवा.

पण एक कबूल करायला हवं, गडी शिकला. सहाव्या महिन्यात त्यांची वाक्यं एकमेकांना धरून चालायला लागली. प्रत्येक नाव परत परत न घेता सर्वनामं नेमकी बसायला लागली. एकदा आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा त्यांनी तिला फ्रेंचमध्ये अस्सल शिवी हासडली, आणि आधीचं क्रियापदही बरोबर होतं. त्या दिवशी मी त्यांना वेलची घातलेला चहा करून दिला. शाबास मात्र म्हटलं नाही. ते तरी मला कधी म्हणाले होते?

लग्नाच्या दिवशी बाबा तीन वाजल्यापासून तयार होते. वर कोट, खाली पायजमा. शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू होतं, तिथल्या काँक्रीट फोडायच्या ब्रेकरची धडधड सहन होण्यापलीकडची. बाबा स्वतः खाली गेले आणि मुकादमाला मुलाच्या लग्नाचं सांगून अर्धा तास मशीन बंद ठेवायला लावून आले. साडेसहाला कॉल लागला. तिकडे दुपार होती, बागेत लांबलचक टेबलं मांडलेली, मोठ्या पडद्यावर आमचा हॉल. भावानं मला आधीच सांगितलं होतं, ताई, तू फ्रेमच्या बाहेर बस हं, नाहीतर बाबांचा चेहरा लहान दिसतो. मी बसले, लॅपटॉपच्या बाजूला, हातात कागद घेऊन. ठरलं असं होतं, की बाबा अडले तर माझ्याकडे बघतील आणि मी आवाज न करता ओठांनी शब्द देईन.

ते कुठेच अडले नाहीत. सहा मिनिटांत एक चूक नाही. पतंगाच्या गोष्टीला लोक योग्य जागी हसले, आईचा उल्लेख आला तेव्हा विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मला त्यांचा अभिमान वाटला, रागासकट वाटला. शेवटचं वाक्य झालं. आता नमस्कार करायचा आणि बसायचं, असं कागदावर होतं. बाबांनी नमस्कार केला नाही. हात वर करून त्यांनी लोकांना थांबवलं आणि कागदावर नसलेलं बोलायला लागले.

आणि माझी मुलगी, ते म्हणाले. ती इथेच आहे, माझ्या शेजारी, तुम्हाला दिसत नाहीये. माझ्या मुलीनं मला... आणि तिथे अडले. सात महिन्यांत बघितलं होतं तसंच, ओठ अर्धवट उघडे, कपाळावर आठ्या. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

शब्द माझ्या जिभेवर होता. एक नाही, तीन होते. शिकवलं. सांभाळलं. आधार दिला. कुठलाही चालला असता, त्यातला पहिला तर पार्ल्याच्या क्लासमधल्या पहिल्या वर्षाचा होता. मी नुसते ओठ हलवले असते तर पुरलं असतं. मी ओठ घट्ट मिटले. मनात म्हटलं, शोधा तुमचा तुम्ही. सगळ्यांसाठी शब्द सापडले ना, आता माझ्यासाठी शोधा. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होते, आणि तिकडे दीडशे माणसं पडद्यावर एका म्हाताऱ्याचा कान बघत होती. बागेतून कुणीतरी खोकलं. मग भावानं प्रसंग ओळखून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, ग्लास वर झाले. बाबांनी पडद्याकडे तोंड फिरवलं, हसले आणि हात जोडले.

कॉल बंद झाल्यावर ते बराच वेळ कोटाची बटणं काढत बसले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत त्यांना विचारलं, शेवटी काय म्हणायचं होतं?

"बरंच होतं गं," ते म्हणाले. "कुठला शब्द घ्यावा कळेना. म्हटलं, तू देशील."

दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. भाषणाची क्लिप सगळीकडे फिरली होती. बाबा प्रत्येकाला अगदी रंगवून सांगत होते, आणि शेवटचं अडखळणंही लपवत नव्हते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ते म्हणायचे, ऐनवेळी शब्दच आठवेना हो, हिच्याकडे बघितलं, तर हिलाही सुचला नाही बिचारीला, तीही गडबडली असणार. आजही कुणी विषय काढला की ते असंच सांगतात. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही.