अंधारीत मृणालताईंशी कोण बोललं

आधीच सांगून टाकते. मी या सदरातले अनुभव वाचते ते झोप येत नाही म्हणून, विश्वास बसतो म्हणून नाही. वाचता वाचता मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तरही देत असते. वारा असेल. मांजर असेल. तुम्ही दमला असाल. आता मलाही कोणीतरी असंच काहीतरी सांगावं, म्हणून लिहिते आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी लिहिताना चुका होतील, त्या सांभाळून घ्या.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. माझा साखरपुडा झाला होता आणि लग्न दोन-अडीच महिन्यांवर आलं होतं. ज्याच्याशी ठरलं त्या निरंजनची मोठी बहीण म्हणजे मृणालताई. पैठणी पैठणलाच जाऊन घ्यायची, असं त्यांनी जाहीर केलं. "आपण दोघीच जाऊ. पुरुष आले की दुकानाबाहेर उभं राहून घड्याळ बघतात," असं म्हणाल्या. पुण्याहून त्यांची गाडी, त्यांचंच ड्रायव्हिंग, तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला मुक्काम. ताई अजून औरंगाबादच म्हणतात.

ताई खूप बोलतात, आणि मी जवळजवळ बोलतच नाही. "अगं, मला अहो-जाहो नको करूस, सासूबाई झाल्यासारखं वाटतं," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी "हो ताई, तुम्ही म्हणता तसं" म्हटलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

पण मी या ट्रिपला पैठणीसाठी आले नव्हते. मला हे लग्न करायचं नव्हतं, आणि ते मी ताईंना सांगायचं ठरवून आले होते. निरंजनमध्ये काही वाईट आहे का, हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं. नाही... काहीच वाईट नाही. दोन्हीकडची माणसं बसलेली, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मी हो म्हणाले. त्यानंतर नाही म्हणायची जागाच सापडली नाही. ताईंना काय सांगायचं ती वाक्यं माझ्याकडे तयार होती, पण इंग्रजीत. अवघड गोष्टी मला इंग्रजीतच सुचतात. पहिल्या दिवशी बीबीच्या मकबऱ्याच्या बागेत बसलो तेव्हा सांगणार होते. दुसऱ्या दिवशी पैठणला दुकानात जांभळा पदर खांद्यावर टाकून ताई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर तर काय बोलणार.

शेवटच्या दिवशी सकाळी दौलताबादचा किल्ला बघून दुपारी पुण्याला निघायचं होतं. गाडी हॉटेलवर ठेवून आम्ही रिक्षा केली. रिक्षावाले चाचा आरशात बघत म्हणाले, "अंधारी जरूर देखो मॅडम. डरने का नक्को, बस चमगादड़ां हैं."

अंधारी म्हणजे किल्ल्यातला तो काळोखा वळणावळणाचा बोगदा. खंदकावरचा पूल ओलांडला की पुढे तो लागतो. मला बंद जागा अजिबात सहन होत नाहीत. तोंडापाशी गेले, आतून वटवाघळांचा तो उग्र वास आला, आणि मी तिथेच थांबले.

"मी नाही येत ताई. तुम्ही जाऊन या."

"नक्की? बरं, मी वर चढत नाही. ही मंडळी चाललीयेत, त्यांच्याबरोबर अंधारी बघते आणि तशीच मागे फिरते. तू इथेच बस, हलू नकोस."

एक मोठा ग्रुप गाईडबरोबर आत शिरला आणि त्यांच्यामागे ताई गेल्या. मी बाहेर सावलीत बसले. माझ्याशेजारी एक बाई बसल्या होत्या. कन्नड तालुक्यातल्या, साठीच्या, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. घरची माणसं वर गेलेली.

"माझे गुडघे नाय म्हनत्यात. म्हनलं, जा तुमी, मी बसते हितं," त्या म्हणाल्या. "शेंगा घे. घरच्या हायत."

मी शेंगा घेतल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सासऱ्याची मेंढरं या डोंगराच्या मागं चरायला यायची. धाकटा पोरगा आता वाळूजला कंपनीत आहे, त्याची शिफ्ट रात्रीची, म्हणून सून चिडते. मी फक्त मान हलवत होते. एकीकडे मनात तेच चाललं होतं. हा शेवटचा दिवस. गाडीत सांगायचं... पण त्या गाडी चालवत असणार. मग जेवताना सांगू का? डोळे मिटले होते की नाही आठवत नाही. पण मी जागी होते, कारण शेंगांची टरफलं एका हातात गोळा करत होते ते आठवतंय.

बऱ्याच वेळाने ताई बाहेर आल्या. उजेडात आल्यावर डोळे बारीक करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मागे वळून बोगद्याकडे बघितलं.

"तू कधी पुढे आलीस?"

"कुठून?"

"जुई, चेष्टा नको."

मला काही कळेना. शेजारच्या बाई हसल्या. "आली का तुझी ताई? घे, आता बोल तिच्याशी."

ताईंनी त्यांना विचारलं, "मावशी, ही इथे कधी येऊन बसली?"

"ही? ही हितनं हललीच नाय की. तुमी आत गेल्यापासून हितंच हाय. शेंगा खाल्ल्या माझ्या, पर एक शबूद बोलली नाय. मला तर वाटलं मुकी हाय का काय पोरगी."

ताई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. "चल," एवढंच म्हणाल्या. रिक्षेपर्यंतचं सगळं अंतर आम्ही न बोलता चाललो. तीन दिवसांत पहिल्यांदा ताई गप्प होत्या आणि मला खूप भीती वाटायला लागली... माझं काहीतरी चुकलंय अशी.

परत येताना त्यांनी रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर रिक्षा थांबवली. चाचा पेरूवाल्याशी भाव करायला गेले. आम्ही बाकावर बसलो. चहा आला तरी ताई कप नुसता धरून होत्या.

"मी तुला जे झालं ते सांगते. मध्ये बोलू नकोस," त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं. "म्हणजे, तू कुठे बोलतेस म्हणा."

त्यांनी जे सांगितलं ते असं. ग्रुप पुढे गेल्यावर त्या मोबाईलच्या टॉर्चवर एकट्याच परत फिरल्या. एका वळणावर मागून माझा आवाज आला. "ताई, तो टॉर्च बंद कर ना, डोळ्यांवर येतोय." त्यांना वाटलं, मी धीर करून आत आले. कौतुक वाटलं, त्यांनी टॉर्च बंद केला. मग मी त्यांचं कोपर धरलं... म्हणजे जे कोणी होतं त्याने. आणि ते बोलायला लागलं.

"तू मला 'तू' म्हणालीस. पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं," ताई म्हणाल्या. "आणि मग तू म्हणालीस, हे लग्न मी भिडेपोटी स्वीकारलंय."

मी हातातला कप बाकावर ठेवला.

"निरंजनमध्ये एखादी खोट निघावी म्हणून वाट बघत होते, म्हणालीस. पहिल्या भेटीत त्याला मुद्दाम वाकडा प्रश्न विचारलास, त्याने चांगलं उत्तर दिलं, आणि तुला वाईट वाटलं. हे तूच म्हणालीस, जुई. मी बनवून सांगत नाहीये."

इथे मला थांबून सांगायला हवं. ताईंनी माझा चेहरा बघून लग्नाचं ओळखलं असेल, हे मी मान्य करते. त्या मला तीन दिवस बघत होत्या. पण तो प्रश्न, आणि त्याचं उत्तर चांगलं आल्यावर मला झालेली ती निराशा... ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. मैत्रिणीला नाही, आईला नाही, कुठे लिहिलेलीही नाही. मला स्वतःलाच तिची लाज वाटायची. मी नीट लपवलेली एवढी एकच गोष्ट होती.

आणि मला सुचलं ते काय, तर मी विचारलं, "भिडेपोटी म्हणजे?"

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला माहीत नाही?"

"नाही."

"भीड म्हणजे... संकोच. समोरच्याचं मन मोडवत नाही, म्हणून हो म्हणायचं." त्या माझ्याकडे वळून बसल्या. "तुला खरंच हा शब्द माहीत नाही?"

कदाचित कुठे कानावर पडला असेल. मी तेही धरून चालते. पण माझ्याकडची सगळी वाक्यं इंग्रजीत होती, आणि त्यांत या शब्दासारखा एकही शब्द नव्हता. मी जे सांगायला चार-पाच वाक्यं जुळवली होती ते त्या एका शब्दात होतं.

"जुई, ते कोण बोललं ते आपण आत्ता सोडू," ताई म्हणाल्या. "मला वेड लागलं असेल. पण ते खरं आहे का, तेवढं सांग."

पेरूवाल्याशी चाचांचं अजून चाललं होतं. "अरे, इत्ता महंगा? सोने के हैं क्या?" मला ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि मला वाटत होतं की ते दोघे असेच बराच वेळ भांडत राहिले तर बरं.

"हो," मी म्हटलं.

"हे तरी भिडेपोटी नाही ना? मी विचारतेय म्हणून?"

"नाही. खरं आहे. मला त्याच्याशी लग्न नाही करायचं. सॉरी ताई."

इतकं मोठ्याने मी घराबाहेर कधी बोलले नसेन. ताईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग चाचांना हाक मारली, पेरू घ्यायला लावले, आणि आम्ही निघालो.

पुण्यापर्यंत आम्ही त्या आवाजाबद्दल एक शब्दही बोललो नाही. निरंजनला मीच सांगितलं, ताई शेजारी बसल्या होत्या. तो म्हणाला, "आधी सांगायचंस गं." आईने महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाळलं. निरंजनची आई अजूनही बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. लग्न मोडलं.

स्पष्टीकरणं मी खूप शोधली. बोगद्यात आवाज घुमतो, कुठलं तरी बोलणं कुठे तरी ऐकू येतं. पण मी बाहेर बोलतच नव्हते, त्या मावशींनी मला मुकी ठरवलं होतं. आत दुसरी कोणी मुलगी असेल म्हणावं, तर तिला निरंजन कुठून माहीत? ताईंना भास झाला असेल... पण त्यांच्या भासाला माझ्या मनातलं कसं कळलं? आणि जे कोणी होतं ते माझ्या बाजूने होतं, की त्याला नुसतं बोलायचं होतं, हेही मला ठरवता येत नाही. चांगलं झालं की वाईट, या प्रश्नाचंही उत्तर रोज बदलतं.

ताईंचा गेल्या महिन्यात फोन आला. नातं काही उरलेलं नाही, तरी त्या अधूनमधून करतात. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "तुला तेव्हा एक सांगितलं नव्हतं. अंधारीत मी विचारलं होतं, एवढं होतं तर वेळीच 'नाही' का म्हणाली नाहीस? तर ती म्हणाली, तू तरी म्हणालीस का, तुझ्या वेळी?"

मला ताईंच्या लग्नाबद्दल काहीच माहीत नाही. भाऊजींना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, मी दोनदा भेटले आहे, भला माणूस वाटला.

"तुला कसं कळलं गं ते?" ताईंनी हळूच विचारलं.

"ताई, ती मी नव्हते."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण मी दुसऱ्या कोणाला विचारू?"